मोहितेकाकांची दहा मिनिटं

मोहितेकाका कुणाच्याही घरी गेले की लगेच बेल वाजवत नाहीत. आधी दहा मिनिटं दाराबाहेर बसतात. पायरी असली तर पायरीवर, नसली तर स्वतःच्या घडीच्या स्टुलावर. ते हिरव्या कॅनव्हासचं स्टूल कायम त्यांच्या पाठीवर असतं. दहा मिनिटं झाली की उठतात, टोपी सारखी करतात आणि मग बेलला हात लावतात.

"घराला आपली सवय होऊ द्यावी," असं त्यांचं म्हणणं. "एकदम आत घुसलं की घर दचकतंय. मग माणसं खोटं वागाय लागत्यात. या, बसा, काय घेणार, असलं."

जयपूरला बनी पार्कात मी ज्या घराच्या पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहते, त्याच्या मालकीण सरोज आंटी खाली राहतात. काका मला भेटायला पहिल्यांदा आले तेव्हा आंटींनी खिडकीतून पाहिलं, तर साठी उलटलेला एक मिशीवाला माणूस आपल्या पायरीवर बसून घड्याळाकडे बघतोय. त्यांनी दाराची वरची कडी लावली, शेजारच्या दोन घरांना फोन केले आणि सगळ्यात शेवटी मला. "बेटा, नीचे कोई बैठा है. न घंटी बजाता है, न जाता है." मी धावत खाली गेले तोवर नऊ मिनिटं झाली होती. काकांनी तळहात दाखवून मला थांबवलं. एक मिनिट बाकी होतं ना!

काका मूळचे सातारा जिल्ह्यातले. फौजेत होते आणि तिथं त्यांच्या हातात बंदुकीपेक्षा कॅमेरा जास्त असायचा. पूल बांधला, काढ फोटो. पूल वाहून गेला, काढ फोटो. फोटो सुंदर आलाय का, असं त्यांना कुणी कधी विचारलं नाही. खरा आलाय का, एवढंच विचारायचे. शेवटची बदली जयपूरला झाली. निवृत्तीनंतर गावी जायचं सोडून त्यांनी शास्त्री नगरात घर घेतलं आणि पुलांच्या जागी पक्षी आले. पद्धत मात्र तीच राहिली.

त्या पद्धतीचं ब्रीद एकच. "काडी हलवायची न्हाई." पक्ष्याचा फोटो काढताना मध्ये डहाळी आली तर बरेच लोक ती हळूच वाकवतात, मोडतात. कुणी दाणे टाकतं, कुणी मोबाइलवर पक्ष्याचाच आवाज लावून त्याला फसवून बोलावतं. काकांच्या लेखी ही सरळ सरळ चोरी. काडी डोळ्यापुढे आली तर आली. "त्या काडीचं बी तिथं काय काम असंल. आपण कोण मोठं लागून गेलो?" परिणाम असा, की डोळ्यापुढे काडी आलेल्या पक्ष्यांचा भारतातला सर्वांत मोठा संग्रह बहुधा काकांकडे असावा. स्पर्धांना पाठवलेले फोटो गोड शब्दांच्या पत्रासकट परत येतात. काका पत्र वाचतात, घडी घालतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा काडीसकट फोटो पाठवतात.

प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीनं नोंद असते. वेळ, वारा आणि पक्षी काय करत होता ते. 'सकाळी सात दहा. वारा पश्चिमेचा. पाठ खाजवली. नंतर विचार बदलला.'

आमच्या इथल्या छोट्याशा मराठी मंडळानं एकदा हौसेनं गणपतीत फोटो काढायचं काम काकांना दिलं. मंडळात नोकरीला आलेली माझ्यासारखी एकटी-दुकटी मंडळी आणि छावणीतली फौजी कुटुंबं. सगळे ठेवणीतलं नेसून आले होते. काकांनी तीनशे फोटो काढले. अध्यक्षांच्या तोंडात अख्खा मोदक. अध्यक्षीणबाई खुर्चीखाली चप्पल शोधताना. आरती म्हणणाऱ्यांत शब्द येत नसल्यामुळे नुसते ओठ हलवणारे सात जण, आणि त्यांत मीही. एक छोटी मुलगी काकांपुढे येऊन उभी राहिली. "काका, मतलब मी स्माइल करू का?" काकांनी कॅमेरा खाली घेतला. "नको बाळा. तू तुझं काम कर." तिचं काम नाकात बोट घालण्याचं होतं. तो फोटो उत्तम आला. अध्यक्षीणबाई त्यानंतर काकांशी बोललेल्या नाहीत.

मी मात्र त्या दिवसापासून त्यांच्या मागे लागले. माझं ऑफिसातलं निम्मं आयुष्य कामं जशी नाहीत तशी दाखवण्यात जातं. जसं आहे तसंच दाखवीन म्हणून हटून बसलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

ऑफिसातल्या मित्रमैत्रिणींबरोबर शहरालगतच्या झालानाच्या जंगलात जायचं ठरलं तेव्हा मी काकांनाही जीपमध्ये घेतलं. संध्याकाळी ऊन तिरपं झालं आणि उजव्या हाताच्या खडकावर बिबट्या आला. आला तो आला, वर बसला, मान वळवली, जांभई दिली. सगळे मोबाइल एकदम वर गेले. काका जीपच्या डाव्या बाजूनं जवळजवळ उलटे लोंबकळून जमिनीवरच्या एका किड्याचा फोटो काढत होते.

"काका, बिबट्या!" मी दात ओठ खात कुजबुजले.

"बघितला. तयार होऊन आलाय त्यो."

'तयारीचा' हा काकांच्या तोंडचा वाईटात वाईट शब्द. तयारीचा फोटो, तयारीचं हसू, तयारीचं भाषण. त्या किड्याचा फोटो त्यांनी नंतर मला दिला. मागे लिहिलं होतं : 'शेणकिडा. चढण. तिसऱ्यांदा घसरला. बिबट्या हजर, मागे.' खरं सांगते, माझ्या मोबाइलातले बिबट्याचे चाळीस फोटो मी पुन्हा उघडलेले नाहीत. किडा माझ्या टेबलासमोर आहे. सोमवारी सकाळी मी त्याच्याकडे बघते.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा मुद्दाम दहा मिनिटं पायरीवर बसले. काकांनी आतून पाहिलं होतं. दार उघडलं तेव्हा मिशीखाली हसू होतं. घरात भिंत म्हणून दिसत नव्हती, सगळे पक्षी, सगळ्या काड्या. फक्त फळीवर एका बाईंचा चेहरा फ्रेममध्ये होता. डोळे मोठ्ठे केलेले, जणू कुणी 'हलू नका' म्हणून दम दिलाय, आणि डाव्या खांद्यावर गोल शिक्क्याचा अर्धा तुकडा. या काकू. तीन वर्षांपूर्वी गेल्या. लष्करी कँटीनच्या कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला होता, त्यामुळे शिक्काही मोठा झाला होता.

माझ्या जिभेला हाड नाही. "तुम्ही काढलेला एकही नाही, काका?"

"न्हाई. कॅमेरा दिसला की पदर सारखा करायची. केसावर हात फिरवायची. मी म्हणायचो, ऱ्हाऊ दे, पुन्हा कधीतरी. मला बिनतयारीचा पाहिजे हुता." आणि लगेच ते टिटवीची वही दाखवायला लागले.

टिटवीची वही हे काकांचं जन्माचं काम. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर खड्यांसारखी दिसणारी अंडी घालते आणि बसते. अंडं घातल्यापासून पिल्लू जागा सोडून चालायला लागेपर्यंतची संपूर्ण नोंद, एकही दिवस न चुकवता, फोटोसकट, एवढीच काकांची इच्छा. सात उन्हाळे झाले, शेवटचं पान कोरंच होतं. जयपूरजवळच्या चाकसूच्या शेतातली अंडी ट्रॅक्टरखाली गेली. छावणीच्या मैदानातली रोलरखाली. एकदा मुंगूस आलं आणि काकांच्या डोळ्यांदेखत चारही खाऊन गेलं. काकांनी मुंगसाचीही नोंद केली.

"हाकललं नाहीत?"

"काडी हलवायची न्हाई." मग गुडघा चोळत म्हणाले, "पर आता गुडघं म्हणत्यात बास. अजून एक उन्हाळा देत्यात. त्यात झालं तर झालं."

आणि त्याच उन्हाळ्यात, भर मे महिन्यात, आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळच्या खडीत टिटवीनं चार अंडी घातली.

मी आईला नाशिकला फोन केला. ती म्हणाली, "अगं बाई, टिटवी? घरावर? आधी हाकलून लाव. अभद्र ओरडते मेली." आंटींना सांगितलं तर त्यांनी हातच जोडले. इकडे टिटवीला टिटोडी म्हणतात आणि ती उंचावर अंडी घालते त्या वर्षी पाऊस जोरदार पडतो म्हणतात. जितकी अंडी तितके महिने. "चार अंडे! चारों महीने बरसेगा!" आंटी आनंदानं म्हणाल्या आणि पुढच्याच क्षणी त्यांचा चेहरा उतरला. गेल्या पावसाळ्यात छत गळलं होतं आणि त्यांच्या माहेरच्या रजयांची पेटी भिजली होती. एवढा पाऊस येणार असेल तर छताच्या भेगा बुजवून चुना मारायलाच हवा, तोही ताबडतोब. म्हणजे पाऊस येणार हे अंड्यांनी सांगितलं, म्हणून छत दुरुस्त करायचं, आणि छत दुरुस्त करायचं तर अंडी हलवायची! कारागीर सोमवारी येणार होते.

पिल्लं निघेपर्यंत म्हणून काकांनी चार आठवडे मागितले. आंटींनी साफ नाही म्हटलं. "फौजी साहब, चिडिया का क्या है, कहीं और दे देगी."

काका वाद घालत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आले, दहा मिनिटं पायरीवर बसले, बेल वाजवली, तेच मागितलं, तोच नकार घेतला, गच्चीवर जाऊन त्या दिवसाची नोंद केली आणि गेले. तिसऱ्या दिवशी तेच. सोमवारी कारागीर चुन्याच्या गोण्या घेऊन आले तर पायरीवर काका. सरकले नाहीत, बोललेही नाहीत, नुसते बसून राहिले. कारागिरांनी गोण्या अंगणात ठेवल्या आणि उद्या येतो म्हणाले. बुधवारी आंटींनी पायरीवर ताकाचा पेला ठेवला. शुक्रवारी त्या स्वतःच शेजारी येऊन टेकल्या आणि पेटीतल्या एकेका रजईची हकिगत सांगायला लागल्या. कोणती आईनं शिवून घेतली, कोणती मावशीनं दिली, कोणतीवर डाग पडले. काका ऐकत होते. अर्ध्या तासानं आंटी उठल्या आणि त्यांनी कारागिराला फोन केला. "अगले महीने आना भैया. छत पे मेहमान हैं."

बिबट्याला काकांची सवय झाली असती की नाही, देव जाणे. आंटींना झाली.

मग उरलेले तीन आठवडे काका टाकीच्या आडोशाला. सकाळी सहा ते दहा, संध्याकाळी चार ते सात. जयपूरचा मे महिना म्हणजे गच्चीवर अनवाणी पाय टेकवत नाही. मी कधीकधी लॅपटॉप घेऊन जिन्यात बसायची. मी डोकं वर काढलं की टिटवी माझ्या नावानं कोकलायची. काकांना ती काही म्हणत नसे. आंटींच्या कूलरमधून गळणाऱ्या पाण्यात ती पोट भिजवून यायची आणि ओल्या पिसांनी अंडी गार करत बसायची. काकांनी ते लिहून घेतलं आणि वहीकडे बघतच म्हणाले, "चाकसूला आमची ही माझ्यावर छत्री धरून उभी ऱ्हायची. हात भरून यायचा तिचा. बोलायची न्हाई."

एकदा वावटळीत शेजारचं प्लॅस्टिक उडून थेट अंड्यांवर पडलं. मी उठले तर काकांनी माझं कोपर धरलं. "काडी हलवायची न्हाई." त्या भट्टीसारख्या उन्हात प्लॅस्टिकखाली अंडी, आणि हा माणूस घड्याळ बघून नोंद करतोय! पाच मिनिटांनी वाऱ्यानंच ते उडवून नेलं. पण मला इतका राग आला होता की दोन दिवस मी काकांशी धड बोलले नाही.

आणि एका संध्याकाळी चारही अंडी फुटली. लोकरीच्या गोळ्यांना पाय फुटावेत तशी पिल्लं. दुसऱ्या दिवशी सकाळी टिटव्यांची जोडी उडून अंगणात उतरली आणि तिथून पिल्लांना हाका मारायला लागली. पिल्लांना उडता येत नव्हतं, चालता येत होतं. ती गच्चीच्या कठड्याकडेनं रांगेत निघाली, ती थेट पावसाचं पाणी जायच्या भोकाकडे. भोकाबाहेर हातभर पन्हळ, आणि तिच्याखाली दोन मजले सोडून सिमेंटचं अंगण.

काकांनी कॅमेरा भोकावर रोखून ठेवला होता. "हेच," ते पुटपुटले. "हेच शेवटचं पान."

"काका, खाली सिमेंट आहे."

"दिसतंय."

"मरतील ती!"

त्यांचं बोट बटणावर होतं, पण डोळा कॅमेऱ्यावरून सुटून खाली अंगणाकडे गेला.

खालून आंटींचा आवाज आला. "कोई आओ! मुझ अकेली से नहीं पकडी जाएगी!" डोकावून पाहिलं तर आंटी पेटीतली लाल रजई ओढत पन्हळीखाली येत होत्या. डाग पडलेली नव्हे, आईनं शिवून घेतलेली. मी जिन्यातून धावत खाली गेले. दोन टोकं त्यांनी धरली, दोन मी. पण रजई जुनी, जड. मध्ये पार जमिनीला टेकत होती. वर पहिलं पिल्लू पन्हळीच्या टोकाशी येऊन उभं राहिलं.

तेवढ्यात जिन्यात धाडधाड पावलं वाजली. गुडघे गेलेला तो माणूस बिनटोपीचा, बिनकॅमेऱ्याचा खाली आला आणि माझ्या हातातलं एक टोक त्यानं हिसकून घेतलं. "ताणून धरा! झोळ नको मधी! खींचिए मॅडम!"

पहिलं पिल्लू पडलं, रजईवर एकदा उसळलं, उठून उभं राहिलं आणि काही झालंच नाही अशा थाटात काठावरून उतरून आईकडे पळालं. दुसरं त्याच्या मागोमाग. तिसऱ्यानं आमचे हात दुखेपर्यंत विचार केला. "ये की लेकरा, ये!" काका वर बघून ओरडत होते. माझा एक हात मोकळा होता. त्या हातानं मी मोबाइल काढला आणि त्यानं उडी टाकली तसा एक फोटो घेतला. मग चौथं आलं. आंटी रजईत तोंड खुपसून रडल्या.

संध्याकाळी काकांनी वही माझ्यापुढे केली. शेवटच्या पानावर फोटोची चौकट कोरी, आणि खाली पेन्सिलीनं : 'चारही खाली, सुखरूप. वारा नाही. फोटो नाही. काडी हलवली.'

"वाईट वाटतंय?"

"फोटोचं वाटतंय. खोटं कशाला बोलू?"

मी मोबाइलातला फोटो कागदावर छापून घेतला आणि आठवड्यानं शास्त्री नगरला गेले. काका स्वतःच्याच पायरीवर बसले होते. शेजारी भाजीची पिशवी, हातात किल्ली.

"कुलूप उघडत नाही का?"

"उघडतंय की."

"मग?"

"दहा मिनिटं व्हायचीत अजून."

मी शेजारी बसले. किल्ली बोटात फिरवत ते म्हणाले, "आत गेलो की घर माझ्या मागं बघतंय. अजून कोण येतंय का म्हणून. तीन वर्षं झाली. सवय न्हाई झाली. त्याला न्हाई का मला न्हाई, कुणास ठाऊक."

मी फोटो त्यांच्या हातात दिला. काकांचं तोंड उघडं, केस चारी दिशांना, हातात लाल रजईचं टोक, डोळे वर, आणि हवेत एक धुरकट ठिपका, म्हणजे पिल्लू. काकांनी तो खूप वेळ पाहिला.

"बिनतयारीचा हाय," ते म्हणाले. "चांगला हाय. हिला आवडला नसता. म्हणाली असती, टोपी कुठाय?"

मग फोटो मांडीवर पालथा ठेवला.

"पदर सारखा कराय किती वेळ लागतोय गं? अर्धं मिनिट. टिटवीपुढं मी महिना महिना बसलो. हिच्यासाठी चौतीस वर्षांत मला अर्धं मिनिट थांबता आलं न्हाई."

ते उठले, कुलूप उघडलं आणि मला बाहेरच थांबायला सांगितलं. आतून नळाचा आवाज आला, कपाटाचा आला. बाहेर आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, केस पाण्यानं चोपून, टोपी सरळ. छातीशी काकूंची फ्रेम धरली होती. दाराच्या बरोबर मध्ये ते परेडला उभे राहावं तसे उभे राहिले.

"काढ."

मी मोबाइल वर केला.

"थांब." त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि काच पुसली. काकूंच्या डाव्या खांद्यावर, शिक्क्याशी, पदर सारखा करावा तसा दोनदा रुमाल फिरवला. मी थांबले. चांगलं अर्धं मिनिट थांबले.

"हं," काका म्हणाले. "आता काढ. आमी तयार हाय."